सूर्यभानच्या वीस जोड्या

फुलंब्रीच्या आठवडी बाजारात सूर्यभानचं नाव निघालं की एखादा तरी म्हणतोच, "त्योच ना, ज्यानं फकिराचा डोळा घालवला?" पस्तीस वर्षं होऊन गेली, तरी या लोकांच्या जिभेला फोड येत नाही. आणि माझ्या अंगाची लाही लाही होते.

हे खोटं आहे. साफ खोटं. ते खोटं आहे हे ठाऊक असलेली माणसं पहिल्यापासून चारच. त्यातले आमचे मालक नानासाहेब वर गेले. प्रयोगशाळेचे साहेब बदली होऊन कुठं गेले ते त्यांचं त्यांना माहीत. उरलो सूर्यभान आणि मी. सूर्यभानचं नाव मातीत गेलं, आणि मी मात्र पेन्शन खात, गावच्या पारावर पाय हलवत बसलो.

मी बद्रीनाथ. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत नानासाहेबांच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होतो. घरची चार एकर जमीन होती, अंगावर इस्त्रीचा शर्ट असायचा, आणि आपण मेंढरामागच्या माणसापेक्षा दोन बोटं वर आहोत असं मला तेव्हा मनापासून वाटायचं. खोटं कशाला बोलू?

सूर्यभान पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे अठ्ठेचाळीसच्या साली जन्मला. तारीख त्याच्या आईलाही ठाऊक नव्हती. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. बहात्तरच्या दुष्काळात कळप निम्म्याहून जास्त मेला. उरलेला थोरल्या भावाकडं सोपवून हा बायकोला, बानाबाईला घेऊन फुलंब्रीला येऊन राहिला, आणि आमच्याकडं हमाल म्हणून लागला. वर्कशॉपमध्ये तेव्हा पंपाचे व्हॉल्व्ह व्हायचे. व्हॉल्व्हचं शेवटचं काम म्हणजे लॅपिंग. दोन पोलादी तुकड्यांच्या मध्ये बारीक पेस्ट लावायची आणि ते एकमेकांवर घासत बसायचं, इतकं की दोघांच्या मधून पाण्याचा थेंबही सरकता कामा नये. कंटाळवाणं काम. आयटीआय झालेली पोरं दोन दिवसांत पळ काढायची. सूर्यभान एकदा सहज बसला तो उठलाच नाही. दिवसभर मेंढरामागं बसणाऱ्याला कसली घाई?

पण नुसता धीर असता तर मी हे लिहिलं नसतं. त्याची एक रीत होती.

मेंढ्या दिवसभर रानात असतात आणि कोकरं मुक्कामाच्या वाड्यावर. संध्याकाळी कळप परतला की एकच कालवा होतो. ऐंशी आया, ऐंशी कोकरं. धनगराचं पोर एकेक कोकरू उचलून बरोबर त्याच्याच आईखाली नेऊन सोडतं. चुकीच्या मेंढीखाली सोडलं तर ती लाथ मारते, कोकरू उपाशी राहतं. सूर्यभान हे काम सहाव्या वर्षापासून करत होता. आता तेच तो पोलादाशी करायचा. जे दोन तुकडे एकमेकांवर घासले ते एकमेकांचे झाले. दोघांवर, कामाच्या जागेपासून लांब, तो कानसीनं बारीक खाच घालायचा: एका जोडीला एक खाच, दुसरीला दोन, तिसरीला खाच आणि टिंब. मेंढराच्या कानाला खूण करतात तशी.

मी एकदा हसलो, तर म्हणाला, "बद्रीभाऊ, कोकरू आन आई वासानं वळखत्यात एकमेकाला. लोखंडाला वास नाय. म्हून खूण. जोडी मोडली की दोन्ही वाया."

सत्त्याऐंशी साली नानासाहेबांना ते काम मिळालं. सरकारी प्रयोगशाळेचं. एक तरुण साहेब यायचे, हुशार, बोलायला गोड. पहिल्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. साध्या बंदुकीत पितळी काडतूस असतं. बार उडाला की पितळ फुगतं, नळीच्या मागच्या खोबणीच्या, म्हणजे चेंबरच्या भिंतीला घट्ट बसतं, आणि तापलेला वायू मागं बंदूकवाल्याच्या तोंडावर येत नाही. मग रिकामं पितळ बाहेर फेकायचं. त्यांना ते पितळच नको होतं. वजन वाचतं, फेकाफेकी वाचते. दारूची वडी तशीच चेंबरमध्ये जाणार. पण पितळ गेलं म्हणजे बुजवणारं गेलं. आता चेंबरचं तोंड मागून बंद करणारा दट्ट्या, म्हणजे बोल्ट, आणि चेंबर या दोघांनीच एकमेकांत असं बसायचं की वायूला वाट मिळू नये.

त्यांनी आधी तांब्याचं कडं घालून पाहिलं होतं. थोड्या बारांत ते चेपून गेलं. मग कसल्याशा प्लास्टिकचं. ते उष्णतेनं जळालं. शेवटी कडं नकोच, पोलादावर पोलाद बसवू, म्हणून ते आमच्याकडं आले. प्रत्यक्ष बार उडवणं त्यांच्याकडं, लांब. आमच्याकडं फक्त तुकडे करायचे आणि तेलाच्या दाबावर तपासायचे.

पहिले तुकडे गळले. कुठं टेकतं ते बघायला साहेबांनी बोल्टला निळा रंग लावून चेंबरमध्ये फिरवलं. निळं सगळीकडं सारखं उमटलं. साहेब चक्रावले, म्हणाले, सगळीकडं टेकतंय, मग गळतं कुठून? सूर्यभान कोपऱ्यात पेस्ट कालवत बसला होता. तिथूनच बोलला.

"साहेब, सगळीकडं टेकतंय म्हंजे कुठंच धड टेकत नाय. विळ्याच्या धारंवानी एक रेघ टेकू द्या. सगळा जोर त्या रेघंवर येऊ द्या."

नानासाहेब त्याच्यावर खेकसले. साहेबांनी मात्र करून पाहिलं. सूर्यभाननं आठ दिवस घासून जोडी केली, आणि ती थेंबभरही गळली नाही. साहेब त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता त्या थापेची चीड येते.

कारण ड्रॉईंगवर एक ओळ होती: सर्व भाग परस्पर बदलता येण्यासारखे असावेत. शिपायाच्या हातात कुठलाही बोल्ट कुठल्याही चेंबरला बसला पाहिजे. म्हणणं रास्त आहे. पण हातानं घासलेल्या जोडीला ते लागू होत नाही, हे सूर्यभाननं दोघांनाही तोंडावर सांगितलं. साहेब म्हणाले, पुढं बघू. नानासाहेबांनी तर त्याच आठवड्यात भाग बदलता येतात असा दाखला टाईप करून घेतला. त्यावर त्यांनी सही केली आणि साहेबांनीही. त्यांच्यावरही वरून घाई होती म्हणे. घाई! त्या घाईची झळ साहेबांना कधीच लागली नाही.

वीस जोड्या तयार झाल्या. माल पाहायला वरून तपासणीस येणार असं ठरलं. नेमका तेव्हा सूर्यभान तीन दिवस सुटीवर होता. भावाकडं मेंढरांची लोकर कातरायची होती. जाताना स्टोअरच्या जाळीशी थांबून मला सांगून गेला, "बद्रीभाऊ, जोड्या मोडू नका."

दुसऱ्या दिवशी नानासाहेब स्टोअरमध्ये आले. खाचा दिसल्या आणि भडकले. "ड्रॉईंगमध्ये नसलेल्या खुणा? तपासणीस काय म्हणंल? घासून काढ सगळ्या. आन हे जोडीनं गुंडाळून काय ठिवलंय, लगनाची जोडपी हायेत का? बोल्ट एका ट्रेत, चेंबर एका ट्रेत. नीट लावून ठिव."

मी म्हणालो, "सूर्यभान म्हणला होता..."

"मालक कोण हाय? सूर्यभान?"

मी खुणा घासून काढल्या. तुकडे रॉकेलमध्ये धुतले. एका ट्रेत वीस बोल्ट, दुसऱ्यात वीस चेंबर, पांढऱ्या कापडावर रांगेत मांडले. लाज वाटते सांगायला, पण ते दोन ट्रे पाहून मला माझंच कौतुक वाटलं. किती टापटीप!

फकिरा तेलाच्या दाबाच्या बेंचवर असायचा. फुलंब्रीकडचाच. सूर्यभान, तो आणि मी रोज एकाच एसटीनं ये-जा करायचो. सूर्यभानच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि फकिराच्या घरचा ठेचा असा त्यांचा सौदा होता. डोळे जपायला दिलेला फकिराचा जाड काचेचा चष्मा बेंचच्या खिळ्याला टांगलेला असायचा. नवीन माणसाचं काम असलं की तो चष्मा घालायचा. सूर्यभानचं असलं की नाही. "सूर्यभानची जोडी गळत नाय," म्हणायचा, आणि सांध्यापासून वीतभर अंतरावर तोंड नेऊन बघायचा. तसं बघणं नियमात बसत नव्हतं. पण तो नियमावर नाही, माणसावर विसंबलेला होता.

तपासणीस आले, नानासाहेब पुढं-पुढं करत होते, साहेब वही घेऊन उभे होते. मी दोन्ही ट्रे बेंचवर ठेवले. फकिरानं एक बोल्ट आणि एक चेंबर उचललं, उलटसुलट केलं. खूण शोधत होता. मग माझ्याकडं बघितलं.

"बद्री, जोडी हीच ना?"

नानासाहेबांचे डोळे माझ्यावर होते.

"व्हय, लाव," मी म्हणालो.

पंप सुरू झाला. काटा चढला. फकिरा वाकला. सुईसारखी तेलाची धार सांध्यातून सुटली आणि थेट त्याच्या उजव्या डोळ्यात गेली. तो ओरडलासुद्धा नाही. नुसता डोळ्यावर हात ठेवून खाली बसला, आणि बोटांच्या फटींतून तेल आणि रक्त येत राहिलं. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा काढला.

सूर्यभान सुटी संपवून परतला. कुणी त्याला काही विचारायच्या आत तो स्टोअरमध्ये आला, ट्रे बघितले, आणि मग माझ्याकडं बघितलं. आला तसा बाहेर निघून गेला. तेव्हा त्यानं माझं थोबाड फोडलं असतं तर आज माझ्यावर एवढा बोजा राहिला नसता.

चौकशी नानासाहेबांच्या केबिनमध्ये झाली. नानासाहेब, साहेब, सूर्यभान, आणि कागद आणून द्यायला मी. नानासाहेब म्हणाले, काम कच्चं होतं म्हणून गळलं. सूर्यभान म्हणाला, "ट्रे आणा."

तो जमिनीवर पोतं टाकून बसला. खुणा तर मी घासून टाकल्या होत्या. त्यानं एकेक बोल्ट एकेका चेंबरमध्ये घालून, निळं लावून, डोळे मिटून हलकेच फिरवायला सुरुवात केली. नाही बसला की बाजूला. दुसरा. तिसरा. सकाळी आठला बसला. दुपारी दोन वाजता वीसच्या वीस जोड्या त्याच्यासमोर होत्या. कोकरं आयांखाली सोडली होती त्यानं. साहेबांनी पत्र्याचा आडोसा लावून सगळ्या दाबावर तपासल्या. एकही गळली नाही.

झालं ना सिद्ध? मला वाटलं, सुटला. पण साहेबांचा चेहरा उतरला होता, आणि का ते मला तेव्हा कळलं. जोडी मोडल्यामुळं अपघात झाला असं लिहायचं, तर भाग बदलता येतात हा दाखला खोटा ठरत होता. त्या दाखल्यावर दोघांच्याही सह्या होत्या. नानासाहेबांचं वर्कशॉप काळ्या यादीत गेलं असतं आणि साहेबांची नोकरी गेली असती. मग दोन शिकलेल्या माणसांनी पाच मिनिटं इंग्रजीत कुजबुज केली आणि एक कागद टाईप झाला: कामगाराच्या हलगर्जीपणामुळं तुकडा सदोष राहिला व अपघात घडला. खाली सूर्यभानच्या सहीसाठी जागा.

"चाळीस माणसांच्या पोटाचा प्रश्न हाय," नानासाहेब म्हणाले. चाळिसांच्या पोटाची त्यांना एवढीच काळजी असती, तर खोटा दाखला केला असता का? पण हे मी आज म्हणतो. तेव्हा मी दाराशी खांबासारखा उभा होतो.

सूर्यभाननं अक्षर अक्षर लावून कागद वाचला. त्याला बराच वेळ लागला. मग साहेबांना म्हणाला, "ह्याच्या पुढं अजून तुकडे व्हणार?"

"दोनशे," साहेब म्हणाले.

"आन ते बी आसेच ट्रेत मिसळणार?"

साहेब वहीची पानं चाळू लागले.

"मंग आधी ड्रॉईंग काढा. ती बदलायची वळ खोडा. तिथं लिवा, बोल्ट आन चेंबर जोडीनंच वापरावं, जोडी मोडू नये. तुमच्या हातानं लिवा. मी बघतो. मंग सही करतो."

"तुझी नोकरी जाईल, कळतंय का?" साहेब पुटपुटले. निदान एवढी तरी लाज त्यांना होती.

"कळतंय. दुसऱ्या कुणाचा डोळा नाय गेला पायजे. लिवा."

साहेबांनी लिहिलं. सुधारणा म्हणून, स्वतःच्या नावानं. सूर्यभाननं ते वाचलं, मग खालच्या कागदावर सही केली. सही करायच्या आधी त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं होतं. मी फायलीचा बंद बांधत होतो. आधीच बांधलेला बंद सोडून परत बांधत होतो.

पुढचे दोनशे त्याच ओळीप्रमाणं झाले, कुणाला काही झालं नाही. साहेबांना बढती मिळाली म्हणे. ते काम दोन-तीन वर्षांनी वरून बंद पडलं, सगळ्या जोड्या कुठल्यातरी गोदामात गेल्या असतील. सूर्यभान परत मेंढरांमागं गेला. चाळीस वर्षांचा माणूस, पुन्हा पहिल्यापासून.

आणि कागद गावात पोहोचला. फकिराला तो वाचून दाखवला गेला. फकिरानं भर बाजारात सूर्यभानची गचांडी धरली. "तुझ्यावर भरवसा ठिवला रं मी! घरचा ठेचा खाल्लास माझा!" आई-माईवरून शिव्या दिल्या. सूर्यभान खाली मान घालून उभा राहिला. ते एकदा झालं असतं तर एक वेळ ठीक. फकिरा दर बाजाराला, तो दिसला की, शिव्या द्यायचा. बानाबाईनं बाजाराला येणं सोडलं. त्यांच्या पोराची ठरलेली सोयरीक मोडली. मुलीचा बाप म्हणाला, हयगयीचं घर आहे. त्या घरात हयगय! मी ते ऐकलं आणि घरी येऊन जेवलो.

गेल्या वर्षी बाजारात कुठल्यातरी टवाळ पोरानं म्हाताऱ्या सूर्यभानला बघून मित्राला हाक दिली, "ए, डोळं झाक, आला बघ." सगळी हसली. ज्यांचा जन्मही झाला नव्हता ती हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोराच्या कानाखाली आवाज काढावा म्हणून हात उचलला, आणि कळलं, हा हात कुणाच्या थोबाडावर पडायला हवा ते.

मी सूर्यभानच्या मागं गेलो. तो मेंढरांच्या बाजाराकडं चालला होता. म्हणालो, "सूर्यभान, तू माझं नाव का घेतलं नाहीस? त्या दिवशी केबिनमध्ये?"

तो थांबला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढलेला ऐकला.

"मी कशाला घिऊ? तुला तोंड नव्हतं? चार डाव तुझ्याकडं बघितलं मी. चार डाव! वाटलं, आता बोलंल, आता बोलंल. सही करेपत्तोर वाट बघितली. मी तुला वाचिवलं आसं वाटतंय व्हय तुला? आरं, मी वाट बघत व्हतो!"

आणि तो चालू लागला. इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आलो होतो की त्यानं मोठ्या मनानं मला झाकलं. त्याच्या मोठेपणावर मी निवांत झोपलो. त्यानं मला झाकलंच नव्हतं.

तसाच फकिराच्या घरी गेलो. तो ओसरीवर बसला होता. त्याची बायको साळूबाई आत गेल्यावर मी त्याच्याजवळ सरकलो आणि हळूच सगळं सांगितलं. खुणा मी घासल्या. ट्रे मी लावले. तू विचारलंस तेव्हा व्हय मी म्हणालो.

फकिरा उरलेल्या एका डोळ्यानं माझ्याकडं बघत राहिला. मग उठला, पायात वाहाणा घातल्या आणि माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या बोटांत अजून बेंचवरची पकड होती.

"चल."

"कुठं?"

"मी त्याला भर बाजारात शिव्या दिल्या. पस्तीस वर्सं. आन तू माझ्या कानात सांगतूस? चल बाजारात."

त्यानं मला गल्लीतून, भाजीवाल्यांच्या मधून, ओढत नेलं. माणसं वळून बघत होती. मेंढरांच्या बाजाराशी सूर्यभान पाठमोरा उभा होता, एका मेंढीच्या गळ्यात दोर बांधत. फकिरानं मला त्याच्या मागं दहा पावलांवर उभं केलं.

"बोल."

मी बोललो. "फकिराचा डोळा सूर्यभाननं नाय घालवला. मी घालवला. जोड्या मी मोडल्या." दोन-चार बाया थांबल्या. एक मेंढ्यांचा दलाल बिडी पेटवायचा थांबला. सूर्यभान वळला नाही. दोर बांधत राहिला.

फकिरानं माझं मनगट आणखी आवळलं. त्याचा तो एक डोळा वाहत होता, पण आवाज चिडलेलाच होता.

"आजून मोठ्यानं," तो म्हणाला. "त्याला ऐकू गेलं नाय."